कारखान्यातली लव, बॅगेतली लव : लेन्स बदलण्याच्या नोंदी

५ नोव्हेंबर

काल कारखान्यात पहिला दिवस झाला. आज सकाळी फोटो लॅपटॉपवर उघडले आणि समोरचा चहा तसाच गार झाला. खिडकीच्या उजेडात काढलेला कुठलाही फोटो घ्या, त्याच त्या जागी तेच ते करडे ठिपके. वर उजवीकडे एक वाकडी रेघ, कापलेल्या नखासारखी. बाकीचे गोल, धुरकट. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर, बसलेली धूळ आणि सुताची लव.

कारखाना म्हणजे टॉवेलचे चोवीस माग. सोलापुरात यंत्रमागाच्या शेडला कारखानाच म्हणतात. अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. मालक ओळखीतले. संक्रांतीपर्यंत केव्हाही या म्हणालेत. मला मागावरच्या हातांचे वीस प्रिंट करायचेत. गाठ मारणारे, कांडी भरणारे, तुटलेला धागा चिमटीत धरून ओढणारे हात.

कॅमेरा सेकंडहँड मिररलेस, २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरवाला, म्हणजे सेन्सर पूर्ण आकारापेक्षा लहान. लेन्स तीन: ३५ मिमीची फिक्स (झूम न होणारी), १८-५५ ची किट (छोटी झूम) आणि एक लांब झूम. काल मागांच्या मधल्या बोळात उभ्या उभ्या चार वेळा लेन्स बदलली. त्यातली एकदा चालू पंख्याखाली. आता लिहिताना लाज वाटतेय.

मिररलेसमध्ये मधे आरसा नसतो, त्यामुळे लेन्स काढली की सेन्सर उघडाच पडतो. काही कॅमेरे बंद केल्यावर पुढे शटरचा पडदा ओढून घेतात. माझा घेत नाही.

रात्री नीट मोजणी केली. एफ/१६ (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक), आयएसओ १००, फोकस हातानं मुद्दाम बिघडवलेला, समोर पांढरा कागद, एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट. शटर उघडं असेपर्यंत कॅमेरा हलवत राहायचा. कागदावर काही डाग असेल तर तो पुसट होतो, सेन्सरवरचा मात्र जागचा हलत नाही. मग कॉन्ट्रास्ट ताणायचा आणि शंभर टक्के मोठं करून मोजायचं.

४३. त्यात सहा तंतू.

६ नोव्हेंबर

त्याच कागदाचा फोटो एफ/२ ला घेतला. एकही डाग नाही! क्षणभर आनंद झाला, मग पाटी-पेन्सिल घेऊन बसले.

कण बसतो तो खुद्द सेन्सरवर नाही, त्याच्या पुढच्या काचेवर. कण आणि पिक्सेल यांच्यात १ मिमी अंतर धरू. सावलीची कड किती फाकणार, तर ढोबळमानानं ते अंतर भागिले एफ-आकडा. एफ/२ ला अर्धा मिलिमीटर. एफ/१६ ला ०.०६. माझ्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी आणि त्यात ६००० पिक्सेल, म्हणजे एफ/२ ला सावली सव्वाशे पिक्सेलांवर पसरते आणि डोळ्याला जाणवतच नाही. एफ/१६ ला तीच पंधरा-सोळा पिक्सेलांत गोळा होते.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना धुळीचा त्रास कमी का, ते यातून कळलं. ते दिवसभर एफ/२.८ च्या आसपास असतात. मला मागाच्या पुढच्या फळीपासून मागच्या भीमापर्यंत (सूत गुंडाळलेल्या रुळापर्यंत) सगळं स्वच्छ हवं, म्हणजे एफ/११ च्या खाली जाता येत नाही.

८ नोव्हेंबर

रबरी ब्लोअर आणला, मोठा. तोंडानं फुंकायचं नाही एवढं ठाऊक होतं, थुंकी उडते. कॅमेरा बंद, माउंट (लेन्स बसते ते तोंड) जमिनीकडे, ब्लोअरची नळी बाहेरच ठेवून दहा-बारा फुंकरी. ४३ चे १२ झाले.

उरलेले कुठे आहेत ते बघायला मोबाईलची बॅटरी मारली आणि अर्धा तास भलत्याच कोपऱ्यात शोधत बसले. लेन्स चित्र उलटं टाकते हे दहावीत शिकलोय, तरी हात चुकतो. कॅमेरा आपल्याकडे तोंड करून धरला तर फोटोत वर दिसणारा डाग सेन्सरवर खाली असतो. डावं-उजवं मात्र बदलत नाही. वर उजवीकडची ती नखाची कातरण मला खाली उजवीकडे सापडली.

१२ नोव्हेंबर

आज कारखान्यात एक बाका प्रसंग.

दाराजवळच्या कट्ट्यावर बसून ब्लोअर मारत होते. इथले जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, साठीचे आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही म्हणून ते लांबूनच हातानं विचारतात. काय झालं? मी कॅमेऱ्याचं उघडं तोंड दाखवलं. त्यांनी मान डोलावली, आत गेले आणि मागावरची लव उडवायची कंप्रेसरची पाइप ओढत बाहेर आले.

"द्या की ओ ताई. एका फुंकरीत साफ करतो."

मी कॅमेरा पोटाशी धरला. त्या पाइपच्या तोंडाला बोट लावून बघितलं तर बोट ओलं आणि जरा तेलकट. कंप्रेसरमध्ये हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, वर यंत्राचं तेल. तो फवारा काचेवर गेला असता तर ब्लोअरनं निघण्याचा प्रश्नच नव्हता. आणि तो जोर शटरच्या पात्यांनी सोसला नसता. पाती कागदाएवढी पातळ असतात.

मामांना बोट दाखवलं. त्यांनी स्वतःचं बोट लावलं, वास घेतला. "होय की," म्हणाले आणि पाइप घेऊन आत गेले. पाच मिनिटांनी आतून ओरडण्याचा आवाज आला. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी कित्येक दिवस कुणी सोडलं नव्हतं, त्यावरून कुणालातरी बोलणी बसली. माझ्यामुळे.

१६ नोव्हेंबर

लेन्स बदलायची पिशवी शिवायचं ठरवलं. फिल्मच्या काळात स्टुडिओवाल्यांकडे काळी चेंजिंग बॅग असायची. दोन बाह्या, आत हात घालून अंधारात रोल बदलायचा. तसंच काहीतरी, फक्त अंधाराऐवजी धूळ टाळायला. आईचं शिलाई मशीन होतं आणि कपाटात जुनी सोलापुरी चादर होती. जाड, घट्ट विणीची. एका संध्याकाळी झाली शिवून. दिसायलाही झकास, वर मोर.

घरी पिशवीत दोन वेळा लेन्स बदलली आणि टेस्ट घेतली. १२ चे ३४.

सुती चादर. तिच्यात हात घालून आतल्या आत घुसळायचं. कारखान्यातली लव टाळायला मी कारखान्यातल्याच मालाची पिशवी केली होती! आईनं एवढंच विचारलं, "आता त्या मोराचं काय करू?"

१९ नोव्हेंबर

पिशवी क्रमांक दोन, छत्रीच्या कापडाची. हे कापड लव सोडत नाही. पण नोव्हेंबरातली आपली हवा किती कोरडी ते माहीत आहे. रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. बाह्यांत हात घासले की पिशवीला वीज धरते आणि आसपासचा प्रत्येक कण तिला येऊन चिकटतो. काळ्या कापडावर पांढरी पूड नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. ओल्या फडक्यानं आतून पुसून घेतल्यावर बरं झालं, पण कारखान्यात दर वेळी पिशवी पुसायची कुणी? शिवाय बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बाई पिशवीत मांजर धरून बसल्यात.

दोन्ही पिशव्या रद्द.

२४ नोव्हेंबर

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत असिस्टंट आहे. हवेत काय आहे ते मोजायच्या युक्त्या रोज हाताखालून जातात, आणि तीन आठवडे मी अंदाजानं चाललेय. आज काचेच्या स्लाइडवर व्हॅसलिनचा पातळ थर देऊन त्या कारखान्यात ठेवल्या. परागकण मोजायला वापरतात तीच पद्धत. एक आडवी, चिकट बाजू वर. दुसरी त्याच जागी, चिकट बाजू खाली, दोन काड्यांवर टेकवून. तिसरी मालकांच्या ऑफिसात दार लावून. चौथी घरी मोरीत, गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर वीस मिनिटं थांबून. प्रत्येकी पाच मिनिटं.

मायक्रोस्कोपखाली १० च्या ऑब्जेक्टिव्हनं दहा-दहा क्षेत्रं मोजली. मागांमध्ये वर तोंड करून ठेवलेली: १८. खाली तोंड: २. ऑफिस: ४. मोरी: १.

कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून लेन्स बदला असं जो तो सांगतो. नवव्या हिश्श्यावर येतं ते, हे आता स्वतः बघितलं. मोरीचा आकडा सगळ्यांत चांगला, पण तिथं कॅमेरा न्यायला मन धजत नाही. दमट हवेत गार कॅमेरा नेला की काचेवर बाष्प धरतं आणि ओल्या काचेवर पडलेला कण वाळून चिकटतो.

पण मला झोप लागू देईना तो पुढचा हिशेब. दहा क्षेत्रं म्हणजे साधारण २५ चौ. मिमी. माझा सेन्सर ३६७. साडेचौदा पट. लेन्स बदलायला मला सहा सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटांचा पन्नासावा भाग. कॅमेऱ्याचं तोंड सरळ आभाळाकडे असतं तरी एका बदलाला पाचएक कण पडले असते. चार बदलांना वीस. माझ्याकडे ४३ होते. म्हणजे निम्म्याहून जास्त कणांचा हवेशी संबंध नाही.

२५-२६ नोव्हेंबर

खातरजमा केली. ब्लोअर मारला, टेस्ट घेतली: ११. घरी, पंखा बंद, खिडक्या बंद, कॅमेऱ्याचं तोंड खाली, एकदाच लेन्स बदलली. परत टेस्ट: १८. कारखान्यात पाऊलही न टाकता सात वाढले. खाली तोंड असताना, घरच्या हवेतून? शक्य नाही.

मग सेलोटेप घेतली. लेन्सच्या मागच्या कॅपमध्ये आतून दाबून काढली, स्लाइडवर चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा उघडल्या उघडल्या मायक्रोस्कोपखाली धरली.

निळे तंतू. एक-दोन नाही, गुंताच. त्यांच्यामध्ये काळ्या प्लॅस्टिकची भुकटी आणि दोन-तीन चकाकणारे कण, धातूचे. कारखान्यात दोन आठवडे पांढरा माल चालू आहे, निळं सूत आसपासही नाही. निळं काय आहे? माझ्या कॅमेरा बॅगेचं अस्तर. मऊ, गुबगुबीत, विकत घेताना ज्यावर हात फिरवून मी खूश झाले होते ते.

साखळी अशी. लेन्स काढली की तिची मागची कॅप मी बॅगेत टाकायचे, तोंड वर करून. तिच्यात अस्तराची लव पडायची. तीच कॅप दुसऱ्या लेन्सच्या मागे बसायची, लव लेन्सच्या मागच्या कडेला लागायची आणि ती लेन्स मी स्वतःच्या हातानं कॅमेऱ्यात खुपसायचे. भुकटी कॅप फिरवताना घासून निघालेली, धातू माउंटच्या कड्यांचा. मी हवेशी भांडत होते आणि घाण खिशातून वाहून आणत होते.

१ डिसेंबर

सफाईचा रविवार. बॅग उलटी करून गच्चीवर झटकली, कापडी कप्पे काढून धुतले, उरलेल्या अस्तरावर चिकटपट्टीचा रोलर फिरवला. पहिल्या पाच पट्ट्या निळ्या झाल्या. कॅप साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवल्या. लेन्सच्या मागचं धातूचं कडं फडक्यानं पुसलं, कॅमेऱ्याकडचंही, तोंड खाली धरून. पुसायला सुती नाही, चष्म्याचं फडकं.

कॅपचा नवा नियम: रिकामी कॅप बॅगेत मोकळी टाकायची नाही. बॉडी कॅप (कॅमेऱ्याच्या तोंडाची) आणि लेन्सची मागची कॅप एकमेकींत फिरवून बसतात. बसवून टाकायच्या, म्हणजे दोघींची पोटं झाकलेली. हे मला आधी का सुचलं नाही कोण जाणे, डब्याला डबा लावून ठेवणं आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

३ डिसेंबर

हातांची सवय बसवतेय. क्रम असा जमलाय.

कॅमेरा बंद, गळ्यात, माउंट पोटाच्या उंचीवर खाली झुकलेला. नवी लेन्स डाव्या हातात, शेपूट वर. कॅप असतानाच कडेवर दोन फुंकरी. मग कॅप पाव वळसा सैल करायची, काढायची नाही. उजव्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबून जुनी लेन्स सोडवायची. इथं सगळे जुनी लेन्स ठेवायला जागा शोधतात आणि तेवढा वेळ कॅमेरा उघडा राहतो. मी ती काखेत दाबते. नव्या लेन्सची कॅप करंगळीनं उडवून हाताच्या तळव्यात, लेन्स खालून वर, खट्. आणि तळव्यातली कॅप लगेच जुन्या लेन्सच्या पाठीला. त्यामुळे कॅप एका लेन्सवरून थेट दुसरीवर जाते, मधे कुठंही टेकत नाही.

सहाचे चार सेकंद झाले. रात्री पलंगावर बसून डोळे मिटून वीस वेळा केलं, खाली उशी ठेवून. काखेतून लेन्स दोनदा सुटली. आई दारात उभी राहून बघत होती. "कसली मुद्रा गं ही?"

काखेचा एक धोका: स्वेटर. सुती कुर्ताही चालत नाही. जुनं पावसाळी जॅकेट घालते वरून. डिसेंबरात दुपारी घाम येतो त्यात, पण असो.

७ डिसेंबर

आज कारखान्यात एकदाही लेन्स बदलली नाही, दिवसभर १८-५५. सकाळी ६ होते, संध्याकाळी ११. लेन्स न काढता पाच कसे वाढले?

झूम फिरवली की नळी बाहेर येते, आत येते. बाहेर येताना लेन्स हवा ओढते, ती हवा कुठल्यातरी फटीतून येणार आणि तिच्याबरोबर लव. म्हणजे गळ्यात छोटा भाताच अडकवून फिरत होते. ३५ ची लेन्स अशी पुढे-मागे होत नाही.

८ डिसेंबर

फक्त ३५. सकाळी ५, संध्याकाळी ६.

यावर निर्णय घेतला. कारखान्यात ३५ एवढीच, आणि बोळात लेन्स बदलणं बंद. अगदीच लांबची लागली तर मालकांच्या ऑफिसात जाऊन, दार लावून, पंखा बंद करून. मालक पहिल्यांदा दचकले. आता मी दारात दिसले की स्वतःच उठून पंख्याचं बटण बंद करतात आणि फोनवर बोलत राहतात.

फोटोंनाही फायदा झाला. झूम असताना मी लांबून हात टिपत होते. आता जवळ जावं लागतं, त्यामुळे बायका बोलायला लागल्यात.

१५ डिसेंबर

दादा आणि त्याच्या मित्रांबरोबर नान्नजला, माळढोक अभयारण्यात. माळढोक दिसेल अशी आशा घेऊन कुणी जात नाही आता, काळविटांसाठी गेलो. विषय वेगळा, पण धूळही वेगळी. काळ्या मातीचा रस्ता, पुढच्या गाडीच्या मागे पिठासारखा लोट.

लांब झूम लावायची होती. गाडीच्या काचा बंद, एसीचा पंखा बंद, आणि मी म्हटलं आता पाच मिनिटं कुणी हलायचं नाही. कारण दहा मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर हवेत सेकंदाला सात-आठ मिलिमीटर खाली येतो. गाडीच्या छतापासून मांडीपर्यंत यायला दोनेक मिनिटं. त्याहून बारीक असेल त्याला फार जास्त. पंखा चालू असेल तर तो येतच नाही, फिरत राहतो.

चार माणसं, बंद गाडी, बाहेर ऊन, कुणी हलायचं नाही. तिसऱ्या मिनिटाला काळवीट उठलं, आमच्याकडे बघितलं आणि निघून गेलं. दादा अजून बोलत नाहीये. सेन्सरवर मात्र एकही नवा कण नाही.

लांबची लेन्स घरूनच लावून निघायला हवं होतं, एवढं साधं.

२१ डिसेंबर

पाच डाग ब्लोअरला दाद देत नाहीत. कडा ठळक, जागा तीच. माझा अंदाज खळीचा. ताण्याच्या सुताला खळ असते, माग चालला की तिची पूड झडते. कोरडी असेपर्यंत उडते, जराशी ओल मिळाली की डिंक.

ओल्या स्वॅबनं (चपट्या, मऊ टोकाच्या काडीनं) पुसायचं धाडस केलं. क्रॉप सेन्सरला १६ मिमी रुंदीचा स्वॅब लागतो, म्हणजे एका फटक्यात पूर्ण उंची झाकली जाते. फुल फ्रेमला, म्हणजे पूर्ण आकाराच्या सेन्सरला, २४ चा. आधी भरपूर ब्लोअर, नाहीतर मातीचा एखादा खडा स्वॅबखाली सापडून काचेवर रेघ ओढायचा. प्रयोगशाळेतलं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचा मोह झाला होता, पण ती बाटली दिवसातून दहा वेळा उघडते, हवेतलं पाणी पिते. वाळताना डाग सोडेल. सेन्सरसाठीचं सीलबंद द्रावण मागवलं.

स्वॅबच्या कडेवर दोन थेंब. डावीकडून उजवीकडे एक फटका, न उचलता, दिवाळीत पणतीची वात वळताना असतो तेवढाच दाब. दुसऱ्या बाजूनं उजवीकडून डावीकडे. स्वॅब टाकून द्यायचा, परत वापरायचा नाही. हात थरथरत होता. पहिल्या वेळी कडेला पाण्याची रेघ राहिली, थेंब जास्त झाले होते. दुसऱ्या स्वॅबला एकच थेंब.

आता १. मधोमध नाही, जरा डावीकडे. तिसरा स्वॅब मारला तरी हलला नाही. काचेच्या आतला असावा. संक्रांत जवळ आलीय म्हणून त्याचं नाव तीळ ठेवलं.

जानेवारी, भोगी

सकाळी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन सिद्धेश्वराच्या देवळाकडे. यात्रेतला अक्षता सोहळा, सिद्धेश्वराच्या लग्नाचा. कारखाना बंद, निम्मे कामगार बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा पोशाख, घालून तिथंच. सातही नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) संमती कट्ट्याजवळ आले तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. कॅमेरा, ३५, आणि काही नाही. बॅग घरी. अक्षता पडायला लागल्यावर मी कॅमेरा वर धरला आणि बटण दाबत राहिले, व्ह्यूफाइंडरकडे न बघता.

घरी आल्यावर लेन्सच्या हूडमधून (पुढच्या कॉलरमधून) दोन दाणे पडले. आईनं उचलून देवापुढे ठेवले.

टेस्ट: ३. ब्लोअरनंतर १, आपला तीळ.

२२ जानेवारी

वीस फोटो निवडले. रात्री एक वाजेपर्यंत लॅपटॉपवर शेवटची डागडुजी, उद्या प्रिंटला द्यायचे. ठिपका दिसला की ब्रश, ठिपका दिसला की ब्रश. अडीच महिन्यांची सवय.

२ फेब्रुवारी

प्रिंट घेऊन कारखान्यात गेले. मालकांच्या टेबलावर मांडले. सुट्टीची वेळ, सगळे जमले. ज्यांचे हात होते त्यांनी आपापले हात लगेच ओळखले, अंगठीवरून, भाजल्याच्या डागावरून. एकीनं स्वतःचा हात प्रिंटशेजारी ठेवून बघितला.

मामांनी त्यांचा फोटो उचलला. खिडकीतून उन्हाचा पट्टा येतोय, ते मागावर वाकलेत. खूप वेळ बघत होते. मग उन्हाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, जसा टॉवेलवर फिरवतात.

"ताई, ह्यात लव कुठाय?"

मला कळलं नाही.

"सकाळच्या उन्हात लव दिसती की ओ. नुसती चांदी असती. ह्या फोटोत हवा धुतल्यागत दिसती." आणि हसले. "आमच्या कारखान्यात एवढी चोख हवा असती तर मला खोकला कशाला असता?"

२ फेब्रुवारी, रात्र

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातला मूळ फोटो, उघडली. उन्हाच्या पट्ट्यात शेकडो पांढरे ठिपके, काही लांबट, काही गोल, काही फोकसच्या बाहेर जाऊन बांगडीसारखे झालेले. मी रात्री एक वाजता सगळे एकेक करून पुसले होते. सेन्सरवरचा कण उजेड अडवतो, त्याचा ठिपका कायम काळपट पडतो. उन्हात उडणारी लव चमकते, ती पांढरी. एवढा फरक मला त्या क्षणी दिसू नये?

तरी खात्रीसाठी त्याच मिनिटातले पुढचे तीन फोटो शेजारी लावले. पांढरे ठिपके प्रत्येकात वेगळ्या जागी. एक काळपट ठिपका मात्र चारही फोटोंत त्याच जागी, जरा डावीकडे.

तीळ तेवढा काढला. मामांचा प्रिंट उद्या परत टाकते.